सतरा नंबरचा गाल

"मॅडम, ही क्रीम तुम्ही तुमच्या स्वतःच्या आईच्या गालाला लावाल का?"

प्रश्न विचारून झाला आणि औषधाच्या दुकानात अशी शांतता पसरली की कोपऱ्यातल्या फ्रीजची घरघर ऐकू यायला लागली. खोकल्याचं औषध न्यायला आलेले एक आजोबा खोकायचे थांबले. काचेच्या दाराबाहेर दोन नाकं काचेला चिकटून चपटी झाली होती. एक चष्मिषचं, एक टाचणीचं. पैज या दोन वर्गमैत्रिणींचीच. "प्रश्न विचारायचा, गर्दीच्या वेळी विचारायचा आणि मोठ्यानं विचारायचा. नाही जमलं तर महिनाभर आमची दप्तरं तुझ्या खांद्यावर!"

पैजेत दम होता, कारण काउंटरमागच्या औषधवाल्या बाईंना सगळी शाळा 'कडू गोळी' म्हणायची. त्या हसल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

विचारणारी ती भिंगरी. हे घरातलं नाव, बाबांनी ठेवलेलं, कारण ही मुलगी जेवतानाही एका जागी बसत नसे. घरात भिंगरी, पण शाळेत मात्र गेल्या सहामाहीपर्यंत थंड पडलेला भोवरा. हजेरीला इतक्या हळू 'हजर' म्हणायची की बाईंनी तिला दोनदा गैरहजर मांडलं होतं. मग एके दिवशी फळ्यावरचं गणित चुकलंय असं तिनं उभं राहून सांगितलं, ते खरंच चुकलेलं निघालं, आणि तेव्हापासून पोरीला जे पंख फुटले ते मिटायचं नाव घेईनात. आता ती कुणालाही काहीही विचारायची. फक्त कपाळावरची झुलपं तेवढी भुवयांपर्यंत सोडलेली असायची. त्या झुलपांखाली काय आहे ते तिच्या उशीला आणि तिच्या आईला ठाऊक होतं.

"आण इकडे," कडू गोळी म्हणाल्या.

त्यांनी ती पांढरी डबी फिरवून पाहिली, उलटी केली, हुंगली. "कुठून आणलीस?"

"आईनं आणली. ब्यूटी पार्लरमधून. पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, आठ दिवसांत डाग साफ."

"यावर लिहिलंय काय?"

"काहीच नाही."

"घरात भाडेकरू ठेवायचा तर माणूस दहा प्रश्न विचारतो. आणि तोंडाला फासायचं त्याला नाव ना गाव?" बाईंनी डबी काउंटरवर ठेवली. "माझ्या आईच्या काय, माझ्या सासूच्यासुद्धा गालाला लावणार नाही मी हे."

आजोबा फसकन हसले आणि त्यांचा खोकला परत आला. बाहेरची दोन नाकं काचेवरून घसरली. आणि भिंगरीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, कडू गोळीच्या ओठांचा एक कोपरा किंचित वर गेला होता.

"किती दिवस लावलंय आईनं?"

"चारच."

"आजपासून बंद. दोन्ही गालांवर तपकिरी, नकाशासारखे डाग आहेत ना? वांग म्हणतात त्याला. आधी त्वचेच्या डॉक्टरकडे ने तिला."

"नेते. पण त्याआधी ही यादी बघता?" भिंगरीनं खिशातून वहीचा घडी घातलेला कागद काढला. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून तिनं चौदा नावं गोळा केली होती. बाईंनी कानामागचं लाल पेन काढलं.

"लिंबू? लावून उन्हात गेली तर गाल भाजेल. खायचा सोडा? त्यानं मोऱ्या घासतात. टूथपेस्ट? अगं, ती दातांची आहे." पेन सरासर चाललं होतं. "हायड्रोक्विनोन. हे काम करतं. पण हे डॉक्टरनं हात धरून सुरू करायचं आणि हात धरूनच थांबवायचं, आपल्या मनानं नाही. व्हिटॅमिन सी चांगलं, पण बाटली उघडली की लवकर उतरतं. नायसिनामाइड, बरं. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, हेही बरं." चौदातली चार उरली. बाईंनी कागद परत दिला. "आणि जे सगळ्यात वर हवं तेच यादीत नाही. सनस्क्रीन. चिखलाचे पाय घरात येतायत आणि तू फरशी पुसत बसलीयस. आधी दार लाव, मग फरशी पूस."

बाहेर आल्यावर टाचणी म्हणाली, "ए, तू खरंच विचारलंस!" चष्मिष म्हणाली, "ए, ती खरंच हसली!" आणि भिंगरी मनाशी म्हणाली, आता आईला कसं पटवायचं?

आईला पटवायचं होतं, कारण गोष्ट नुसत्या गालाची नव्हती.

आई शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीला लागून तिचं मशीन होतं, आणि त्या मशीनवर ती अकरा वर्षं बसत आली होती. तिचं कटिंग असं की एकदा अंगावर कपडा घातलेली बाई दुसरीकडे जायची नाही. महिन्यापूर्वी शिवणकेंद्राच्या मोठ्या बाई स्वतः घरी आल्या होत्या. नव्या तुकडीला कटिंग शिकवाल का? पंचवीस बायका, हातात खडू, समोर फळा, महिन्याचा ठरलेला पगार. आई म्हणाली, "विचार करून सांगते." आईच्या भाषेत याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"पंचवीस बायका फळ्याकडे बघतील की माझ्या गालाकडे?" असं ती नंतर बाबांना म्हणाली. गिऱ्हाइकाशी बोलतानाही ती कायम उजवी बाजू पुढे करायची, कारण डावीकडचा डाग जास्त गडद होता. नाण्यावरच्या राणीसारखी, कधीही बघा, एकच बाजू. "डाग गेले की बघू. मला काही गोरं व्हायचं नाही, एकसारखं व्हायचंय."

नवी तुकडी सुरू व्हायला अजून बारा आठवडे होते. तोवर मोठ्या बाई थांबणार होत्या. त्यानंतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

त्वचेच्या डॉक्टरीण बाईंनी भिंगाच्या दिव्याखाली आईचा चेहरा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दिवसभर कुठे बसता?"

"मशीनवर."

"मशीन कुठे आहे?"

"खिडकीत."

"डावा गाल खिडकीकडे?"

आई चमकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"गालावर लिहिलंय. वांगाची कारणं बरीच असतात, पण ऊन त्याला चिडवतं. काचेतून आलेलं सुद्धा. मशीन हलवता येईल?"

"नाही," आई म्हणाली. एरवी इतकी मऊ बोलणारी बाई, पण मशीनचं नाव काढलं की लोखंड. "उजेड नसला की मला काळा दोरा आणि निळा दोरा एकच दिसतो. उजेडावर माझं पोट आहे."

मग डॉक्टरीण बाईंनी औषधं ठरवली. सकाळी नायसिनामाइड आणि त्यावर रंगाची छटा असलेली सनस्क्रीन, दोन बोटं भरून, दुपारी पुन्हा. रात्री अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड, आधी एक दिवसाआड. "सगळं एकदम नको. एक सुरू करा, दोन आठवडे थांबा, मग दुसरं. नाहीतर काही झालं तर कुणी केलं तेच कळणार नाही. आणि फरक दिसायला तीन महिने धरा."

"तीन महिने!" आई म्हणाली.

"बारा आठवडे," भिंगरी म्हणाली. तिचं गणित तयारच होतं.

आता फरक मोजायचा कसा? भिंगरी फोटो काढायला गेली तर आईनं कात्री उगारली. "या तोंडाचा फोटो काढलास तर बघ!" बाबांनाही फोनचा भरवसा नव्हता. "फोन गोड बोलतो. रंगाचं काम आहे, माझ्यावर सोडा."

बाबांचं काम रंगाचंच होतं. ते लाकडाला पॉलिश करायचे. जुन्या टेबलाचा मोडलेला पाय नवा बसवला की तो नवा पाय जुन्या टेबलासारखा दिसेल असा रंग कालवणं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते आधी नमुनापट्टी करायचे: लाकडाच्या पातळ फळीवर रंगाचे चौकोन, प्रत्येक पुढचा चौकोन एका थेंबानं गडद. आणि पट्टी नेहमी जोडीनं. एक गिऱ्हाइकाच्या हातात, तिचीच जुळी वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये. "नमुना एकटा सोडायचा नाही," ते म्हणायचे. "एकटा नमुना खोटं बोलायला लागतो."

आईच्या गालासाठी त्यांनी तीस चौकोनांची पट्टी केली, अगदी फिक्या दुधी चहापासून ते काळ्या चहापर्यंत. फक्त तिच्यावर चकाकीचा शेवटचा हात दिला नाही. "गाल काय टेबलासारखा चकाकतो? चकाकी आली की डोळा फसतो." भिंगरीनं प्रत्येक चौकोनाखाली नंबर लिहिले आणि पट्टी खिडकीशेजारच्या खिळ्याला लटकवली. कशी ऐटीत दिसत होती! अगदी दवाखान्यातल्यासारखी.

पहिल्या रविवारी सकाळी दहाला बाबांनी आईला तोंड धुवायला लावून खिडकीत बसवलं, एक डोळा मिटला आणि पट्टी गालाशी धरून सरकवत नेली.

"डावा गाल, सतरा."

"अहो, टेबल बघताय का माझ्यात?" आई म्हणाली.

"टेबल असतं तर एव्हाना पॉलिश करून मोकळा झालो असतो. गप्प बस. मान, अकरा."

मानेवर डाग नव्हता, म्हणजे अकरा हा आईचा खरा रंग. अकरावर एकदम पोचणं अवघड, म्हणून मायलेकींचा करार झाला. भिंगरीनं तो वहीत लिहिला आणि खाली आईची सही घेतली: 'गाल तेरावर आला की मी मोठ्या बाईंना हो म्हणेन.'

"आणि नाही आला तर?" आईनं विचारलं.

"येणार," भिंगरी म्हणाली.

त्यानंतर तिनं घरात जो अंमल सुरू केला त्यापुढे शाळेच्या मुख्याध्यापकांनी हात जोडावेत. सकाळी सातला ती ट्यूब घेऊन आईसमोर उभी. "दोन बोटं. हे दीड आहे." दुपारी शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी "लावलं का पुन्हा?" अ‍ॅझेलेइकनं पहिल्या आठवड्यात गाल चुणचुणला, तेव्हा आई म्हणाली, "मुंग्या चालतायत." भिंगरीनं लगेच कडू गोळीकडे धाव घेतली. त्या म्हणाल्या, "थोडं चुणचुणलं तर चालतं, आग झाली तर थांबायचं. आधी मॉइश्चरायझर लावून बघ." मॉइश्चरायझरनंतर मुंग्या गेल्या.

एवढं सगळं चोख. आणि नंबर?

दुसरा रविवार, सतरा. चौथा, सतरा. सहावा रविवार, अठरा.

"अठरा?" भिंगरी ओरडली. "बाबा, नीट बघा."

बाबांनी दुसरा डोळा मिटून पाहिलं. अठराच.

आठव्या रविवारीही अठरा. मधे एकदा कपडे न्यायला आलेली एक बाई आईला म्हणाली होती, "आज छान टवटवीत दिसताय हो." आईनं ते मनावर घेतलं नाही. गिऱ्हाईक शिलाई कमी करून मागायच्या आधी असंच बोलतं, असं तिचं म्हणणं. घरातल्या तिघांनाही आरशावर विश्वास उरला नव्हता. रोज बघणाऱ्याला वाढतं मूलही दिसत नाही, तसा गाल काय दिसणार? जे काही खरं ते पट्टीवर.

दहाव्या रविवारी बाबा बराच वेळ पट्टी पुढेमागे करत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "एकोणीस."

आई उठली. मशीनवरचं कापड उगाच घडी करून ठेवलं. "झालं. तुझ्या त्या अ‍ॅसिडनं मी उजळायची ती आणखी काळवंडले. आज संध्याकाळी मोठ्या बाईंना फोन करते. उगाच त्यांना ताटकळत ठेवायचं नाही."

"आई, अजून दोन आठवडे आहेत!"

"दोन आठवड्यांत एकोणीसचे तेरा होणारेत का?"

"पण तुला शिकवता येतं ना! डागांचा आणि कटिंगचा काय संबंध? राहा की उभी बिनधास्त!"

आईनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण जे बोलली ते सुई लागावी तसं लागलं. "मला सांगतेस पंचवीस बायकांसमोर उभी राहा. आणि तू? कपाळाला पडदा लावून फिरतेस. आधी ती झुलपं वर कर, मग मला शिकव."

भिंगरीचा हात आपोआप कपाळाकडे गेला. झुलपांखाली मुरुमांनी मागे ठेवलेले सात तपकिरी ठिपके होते. तिनं ते मोजलेले होते. पोहण्याचा तास ती वर्षभर पोटदुखीच्या नावाखाली चुकवत होती.

बाबांना त्या दिवशी वर्कशॉपमध्ये एका गिऱ्हाइकानं भांडायला बोलावलं होतं. "चल माझ्याबरोबर," ते भिंगरीला म्हणाले. "इथे बसून दोघी एकमेकींना टोचत बसाल." जाताना त्यांनी खिळ्यावरची पट्टी काढून पिशवीत टाकली. "ही आता नको डोळ्यांसमोर."

वर्कशॉपमध्ये लाकडाच्या भुशाचा आणि पॉलिशचा वास भरून होता. गिऱ्हाईक आधीच येऊन बसलेलं, गळ्यातला मफलर आवळत. "अहो पॉलिशवाले, मी अक्रोडी रंग सांगितला होता. कपाट तर जवळजवळ काळं केलंत! हा बघा तुमचाच नमुना." त्यांनी लाकडाचा तुकडा टेबलावर आपटला. खरंच, नमुना फिका आणि कपाट गडद.

बाबा अजिबात तापले नाहीत. त्यांनी ड्रॉवर उघडला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुळा तुकडा काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. दोन तुकडे, एकाच हाताचे, एकाच दिवसाचे. आणि एक दुसऱ्यापेक्षा दोन घोट दूध जास्त घातल्यासारखा.

"हा कुठे ठेवला होतात, साहेब?"

"कुठे म्हणजे? गाडीत. समोरच्या काचेपाशी. हरवू नये म्हणून."

"उन्हानं खाल्ला. रंग उन्हात असाच उतरतो. कपाट बरोबर आहे, तुमचा नमुना उतरलाय."

गिऱ्हाईक गोरंमोरं झालं. बाबा त्यांना चहा द्यायला वळले आणि तेवढ्यात मागून अशी किंकाळी आली की त्यांच्या हातातला कप लवंडला.

"बाबा! खिडकी!"

"कसली खिडकी?"

"आपली पट्टी! ती पण उन्हात होती! दहा आठवडे!"

बाबांनी आपल्या कपाळावर हात मारला. जन्मभर गिऱ्हाइकांना 'नमुना उन्हात ठेवू नका' सांगणारा माणूस, आणि स्वतःच्या बायकोचा नमुना त्यानं डोळ्यांदेखत खिडकीत टांगू दिला होता. "घरचं गिऱ्हाईक," ते पुटपुटले. "घरच्या गिऱ्हाइकाला माणूस असाच गृहीत धरतो."

"जोडी केली होती का, बाबा? सांगा ना, जोडी केली होती?"

बाबा ड्रॉवर उपसत होते. हातोड्या, पॉलिशचे बोळे, कुणाकुणाच्या कपाटांचे नमुने, कुणाच्या कॉटचा. सगळ्यात तळाशी वर्तमानपत्राची एक लांब गुंडाळी निघाली. वर बाबांच्या अक्षरात एकच शब्द होता: 'हिची'.

पिशवीतली पट्टी आणि ड्रॉवरमधली, बाबांनी स्वतः नंबर घातलेली पट्टी त्यांनी शेजारी मांडल्या. भिंगरीचं डोकं मशीनच्या चाकासारखं गरगरलं. खिडकीतला एकोणीस ड्रॉवरमधल्या चौदा-पंधराच्या जवळपास येऊन बसला होता. गाल काळवंडला नव्हता. पट्टी पळाली होती! तिला स्वतःचाच राग आला. दर रविवारी मानसुद्धा मोजली असती, तर अकराचे बारा होताना बघून तिसऱ्याच आठवड्यात शंका आली असती. न बदलणारी गोष्ट सोबत मोजायला हवी, हे विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं, आणि फळ्यावरच राहिलं होतं.

गिऱ्हाइकाला तिथेच चहासोबत सोडून बापलेक निघाले. भिंगरी पुढे, बाबा मागे धापा टाकत. "अगं, हळू! पट्टीला घाम लागेल!"

घरी आई फोन हातात घेऊन बसली होती. संध्याकाळपर्यंत थांबायचा तिला धीर नव्हता. "फोन लागला की काय?" भिंगरीनं दारातूनच विचारलं.

"लागतच होता. काय झालं एवढं? आग लागली का कुठे?"

"फोन ठेव. दाराशी ये. बाबा, इथे उजेड चालेल?"

"दहाचा उजेड हवा होता," बाबा कुरकुरले. "पण दारात सावली आहे. चालेल."

आईला त्यांनी तोंड धुवायला लावून उंबऱ्यात उभं केलं आणि आधी मानेला ड्रॉवरमधली पट्टी लावली. "अकरा." मग भिंगरीनं तिला दोन्ही पट्ट्या दाखवल्या आणि एका दमात सगळं सांगितलं, ऊन, काच, गाडी, अक्रोडी कपाट, 'हिची', सगळं. आई ऐकता ऐकता स्टुलावर बसली.

"म्हणजे मी दहा आठवडे," ती सावकाश म्हणाली, "एका फळकुटाच्या थोबाडाकडे बघून रडत होते?"

"आता गाल," बाबा म्हणाले. पट्टी सरकली. सतरा मागे गेला, सोळा गेला, पंधरा गेला. बाबा थांबले, त्यांनी भिंगरीकडे पाहिलं आणि आईला दिसणार नाही अशा बेतानं एक डोळा मिचकावला. "तेरा," ते मोठ्यानं म्हणाले.

भिंगरीनं पाहिलं. तेरा नव्हता. तेराला जवळजवळ शिवला होता, पण तेरा नव्हता. वहीत आईची सही होती. 'तेरा' म्हटलं की काम फत्ते. आणि पट्टीनं दहा आठवडे खोटं बोलून काय केलं होतं तेही समोरच होतं.

"चौदा," भिंगरी म्हणाली. "बाबा, चौदा आहे तो. आई, चौदा."

बाबांनी 'गाढवा' असं तोंड केलं. आईनं पट्टी त्यांच्या हातातून घेतली, स्वतः आरशासमोर जाऊन गालाशी धरली आणि खूप वेळ बघत राहिली. पट्टीकडे कमी, गालाकडे जास्त. दहा आठवड्यांत ती पहिल्यांदाच आरशात दोन्ही बाजूंनी बघत होती.

"चौदा," ती म्हणाली. "चौदा तर चौदा. मी काय कपाट आहे, नंबर जुळला नाही म्हणून परत पाठवायला?"

तिनं फोन उचलला. "मोठ्या बाई? हो, मीच. येते मी. पहिल्या दिवसापासून. खडू तुमच्याकडे असतो की मी आणू? नाही, रंगीत नको. रंगाचा मला आता कंटाळा आलाय."

फोन ठेवून ती वळली तेव्हा तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. पट्टी जिथे लटकत होती तिथला रिकामा खिळा, आणि त्याच्या खाली वीतभरावर तिचं मशीन. दोघांवर एकच उन्हाचा तुकडा पसरला होता.

"अहो," ती म्हणाली, "दहा आठवड्यांत लाकडाचं असं झालं?"

"हो."

"आणि मी अकरा वर्षं तिथेच बसलेय."

बाबांनी बाह्या सरसावल्या. "मशीन आतल्या भिंतीपाशी हलवू, टेबलावरचा दिवा लावून देतो. पांढऱ्या उजेडाचा. निळा निळा दिसेल आणि काळा काळा. नाही दिसला तर मशीन परत खिडकीत ठेवून देईन, शब्द माझा." मग एका बाजूनं बाबा, दुसऱ्या बाजूनं आई आणि मधे उगाच सूचना करणारी भिंगरी, असं ते अकरा वर्षांचं मशीन फरशीवर चार रेघा ओढत आतल्या भिंतीपाशी गेलं.

आईनं रेघा पुसायला फडकं आणलं तेव्हा भिंगरी आरशासमोर उभी होती. आईच्या शिवणाच्या डब्यातली कापड धरायचा लाल चिमटा तिच्या हातात होता. तिनं झुलपं एका मुठीत धरली, सरळ वर ओढली आणि चिमटा खटकन लावला. सात ठिपके आरशातून तिच्याकडे बघत होते. तिनंही त्यांच्याकडे बघितलं, नीट, उजेडात.

"काय चाललंय?" आईनं विचारलं.

भिंगरी कमरेवर हात ठेवून दोघांसमोर उभी राहिली.

"ऐका. मी ठरवलंय. उद्या शाळेत अशीच जाणार, कपाळ उघडं टाकून. सनस्क्रीन लावून, दोन बोटं, दीड नाही. या ठिपक्यांना काय लावायचं ते मी डॉक्टरीण बाईंना विचारीन, आणि जायचे तेव्हा जातील. पण पोहण्याच्या तासाला मी याच आठवड्यापासून जाणार. आणि बाबा, माझ्यासाठी पट्टी करायची नाही. एकही नाही. जोडीनं तर मुळीच नाही."